अडलेला वायू आणि अभावाचे ज्ञान

मोटारीच्या इंजिनात जळून गेलेल्या वायूचा थोडा भाग सायलेन्सरकडे जाऊ न देता पुन्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडला जातो. या व्यवस्थेचे नाव एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. गॅरेजमध्ये सगळे तिला ईजीआर म्हणतात. जळून गेलेल्या वायूत मुख्यतः नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. पुन्हा जळण्यासारखे त्यात जवळजवळ काही उरलेले नसते. तो ताज्या हवेची जागा अडवतो, ज्वलनाची उष्णता शोषतो आणि सिलिंडरमधले कमाल तापमान खाली आणतो. हे तापमान सुमारे १३७० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन झपाट्याने संयोग पावतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती स्वतः श्वसनमार्गाला घातक असतात आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोनही बनतो. हे रोखण्यासाठी १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मोटारींवर ईजीआर बसू लागले. भारतात बीएस-४ मानकात डिझेल मोटारीला दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. एवढी कडक मर्यादा गाठण्यात ईजीआरचा वाटा मोठा आहे.

या मार्गातून वायू पुरेसा जात नसेल, तर गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, एक कोड नोंदवतो. आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक पी-०४०१ आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, की ईजीआरचा प्रवाह अपुरा आढळला. शेजारचा पी-०४०२ जास्त प्रवाहाचा, पी-०४०३ विद्युत मंडलाचा. यांतला पी-०४०१ तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने वेगळा पडतो, कारण तो एखाद्या गोष्टीच्या असण्याविषयी काही सांगत नाही. जे यायला हवे होते ते आले नाही, एवढेच त्याचे म्हणणे. वायू दिसत नाही, नळी बंद असते, मार्ग धातूच्या पोटात असतो. मग ‘नाही’ हे कळते कसे? अभावाचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने होते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला. त्या वादात घासूनपुसून तयार झालेली साधने या लहानशा यांत्रिक दोषाच्या शोधात जशीच्या तशी उपयोगी पडतात.

वादाची मांडणी थोडक्यात अशी. जमिनीवर घडा नाही, हे माणसाला कळते. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो, की हे ज्ञान डोळ्याने होत नाही, कारण डोळ्याचा संबंध असलेल्या वस्तूशीच येऊ शकतो. आणि ते अनुमानानेही होत नाही. म्हणून त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानावे लागते. अद्वैत वेदान्त्यांनी हे मत स्वीकारले. मीमांसेच्याच परंपरेतल्या प्राभाकरांनी मात्र ते नाकारले. त्यांच्या मते रिकामी जमीन दिसते तेवढेच खरे, अभाव नावाचा वेगळा पदार्थ नाही. नैयायिकांनी अभावाला पदार्थ मानले, पण त्याचे ज्ञान प्रत्यक्षात बसवले: जमीन घटाभावाने युक्त अशीच डोळ्याला दिसते. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानाच्या तीन हेतूंपैकी एक ठरवले. चौघांची चार मते आहेत, तरी एका अटीवर, आपापल्या परिभाषेत, ते एकत्र येतात. वस्तू असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. पिशाच दिसत नाही एवढ्यावरून पिशाच नाही असेही ठरत नाही, कारण ते दिसण्याजोगे मानलेलेच नाही. नैयायिक या अटीला योग्यता म्हणतात आणि जिला ही अट लागू होते ती योग्यानुपलब्धी.

दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमाञ्जलीच्या तिसऱ्या स्तबकात हीच अट ईश्वराच्या प्रश्नाला लावली. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणणाऱ्याला त्यांचे उत्तर असे, की न दिसण्यावरून अभाव सिद्ध होतो तो दिसण्यास योग्य असलेल्या वस्तूचाच. उदयनाचार्यांचा बौद्धिक प्रामाणिकपणा पुढच्या पावलात आहे. न दिसण्याचा आक्षेप मोडला म्हणजे ईश्वर सिद्ध झाला, असे त्यांनी मानले नाही. त्याच्या सिद्धीसाठी पाचव्या स्तबकात स्वतंत्र हेतू मांडले. योग्यतेचा अभाव दोन्ही बाजूंना सारखाच बांधतो. जिथे दिसण्याची सोयच नव्हती, तिथे ‘नाही’ म्हणता येत नाही आणि ‘आहे’ही म्हणता येत नाही.

ईसीयूला ईजीआरचा प्रवाह ‘दिसण्याची’ सोय कशी केलेली असते, हे पाहिले की या अटीचे महत्त्व उमगते. वायूचा प्रवाह थेट मोजण्याऐवजी बहुतेक गाड्यांत त्याचे एखादे लिंग, म्हणजे खूण, पाहिले जाते. काही अमेरिकी गाड्यांत चालकाने ॲक्सिलरेटर सोडून गाडी नुसती घरंगळत असताना ईसीयू क्षणभर ईजीआर व्हॉल्व्ह उघडतो आणि मॅनिफोल्डमधला दाब वाढतो का ते पाहतो. काही जपानी गाड्यांत ईजीआरच्या मार्गातच तापमान मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. गरम वायू आला तर तो तापतो. डिझेल गाड्यांत हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरवर काम चालते: जळका वायू आत आला की ताज्या हवेचे प्रमाण तेवढे घटले पाहिजे. फोर्डने १९९०च्या दशकात वापरलेली पद्धत आणखी निराळी आहे. ईजीआरच्या नळीत एक अरुंद छिद्र ठेवतात, छिद्राच्या दोन्ही बाजूंनी दोन बारीक होज काढून एका सेन्सरला जोडतात, आणि दोन बाजूंच्या दाबातला फरक विजेच्या दाबात उतरतो. प्रवाह वाढला की फरक वाढतो आणि व्होल्टेजही वाढते.

प्रत्येक पद्धतीमागे एक व्याप्ती, म्हणजे नित्य साहचर्य, गृहीत धरलेली आहे. जिथे जिथे प्रवाह, तिथे तिथे दाबाची वाढ. जिथे जिथे प्रवाह, तिथे तिथे उष्णता. ईसीयूचा निष्कर्ष उलट्या दिशेने जातो: उष्णता नाही, म्हणून प्रवाह नाही. तर्काचा सांगाडा निर्दोष आहे. दोष शिरतो तो योग्यतेत. तापमानाचा सेन्सर स्वतःच निकामी झाला असेल, तर उष्णता असूनही ती नोंदली जाणार नाही. डिझेल गाडीत टर्बोनंतरचा होज फाटला असेल, तर मोजून आत घेतलेली हवा वाटेतच बाहेर पडते. सेन्सर जास्त हवा दाखवतो, आणि हवा घटली नाही म्हणजे ईजीआर आले नाही, असा हिशेब ईसीयू मांडतो. ईजीआरचा मार्ग स्वच्छ, व्हॉल्व्ह ठणठणीत, तरी कोड पी-०४०१. प्रवाह होता, पण तो दिसण्याची वाट मोडलेली होती.

फोर्डच्या पद्धतीत हा प्रकार सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून तिथे थोडे थांबणे योग्य ठरेल. दोन होजमधून सेन्सरपर्यंत गरम वायूबरोबर वाफही पोहोचते. गाडी थंड झाली की तिचे पाणी होते आणि ते सेन्सरच्या आतल्या भागाला हळूहळू खाते. चावी फिरवून इंजिन सुरू न करता पाहिले, तर चांगला सेन्सर त्याच्या जातीनुसार अर्धा किंवा एक व्होल्टच्या आसपास स्थिर आकडा दाखवतो. बिघडलेला सेन्सर त्याहून वेगळा आकडा दाखवतो, किंवा व्हॉल्व्ह उघडल्यावरही जागचा हलत नाही. आता ईसीयूच्या जागी बसून पाहावे. त्याने ठरावीक प्रवाह मागितला, सेन्सर म्हणाला कमी आहे. त्याने व्हॉल्व्ह आणखी उघडला, सेन्सरचे उत्तर तेच. तो व्हॉल्व्ह उघडतच जातो आणि शेवटी अपुऱ्या प्रवाहाचा कोड नोंदवतो. त्या घटकेला इंजिनात खरोखर जाणारा वायू गरजेपेक्षा जास्त असू शकतो आणि गाडी त्यामुळेच अडखळत असू शकते. न्यायशास्त्रात साध्याच्या नेमके उलट सिद्ध करणाऱ्या हेतूला विरुद्ध हेत्वाभास म्हणतात. त्याचे याहून चपखल यांत्रिक रूप सापडणे कठीण. असा कोड वाचून जो मेकॅनिक लगेच व्हॉल्व्ह बदलतो, तो मालकाचे पैसे घालवतो आणि दोष जागेवरच ठेवतो.

कोड नेमका कशाचा अभाव सांगतो, हेही नीट पाहिले पाहिजे. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांनी तत्त्वचिन्तामणी लिहून नव्यन्यायाचा पाया घातला. त्या परंपरेने अभावाच्या बोलण्यात एक कठोर शिस्त आणली. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. तो प्रतियोगी कोणत्या रूपाने नाकारला जात आहे, हे सांगितल्याशिवाय अभावाचे विधान अपुरे राहते. खोलीत निळा घडा नाही म्हटले, तर तांबडा घडा असायला हरकत नाही. पी-०४०१ हा ‘प्रवाह’ या रूपाने प्रवाहाचा अभाव सांगत नाही. त्या वेगाला, त्या भाराला, ईसीयूच्या स्मृतीतल्या तक्त्यानुसार जेवढा प्रवाह अपेक्षित होता, तेवढ्याचा अभाव तो सांगतो. पेट्रोल इंजिनात ही अपेक्षा साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या घरात असते, तर हलक्या भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनात ती याहून कितीतरी जास्त असू शकते. गाडी उभी असताना आणि पूर्ण जोर लावलेला असताना पेट्रोल इंजिनात ईजीआर बहुधा बंदच ठेवतात. त्या वेळी प्रवाह नसणे हा दोषच नव्हे. मागणी आणि प्रत्यक्ष प्रवाह यांतली तफावत स्कॅनरवर टक्केवारीत पाहता येते. तो आकडा न पाहता नुसत्या कोडवर विसंबणे म्हणजे प्रतियोगी न विचारता अभाव मान्य करणे.

घडून गेलेला अभाव मागाहूनही कळतो, याकडेही कुमारिलाचे लक्ष गेले होते. एखादा मनुष्य सकाळी एका ठिकाणाहून येतो. अमका तिथे होता का, असे त्याला दुपारी कोणी विचारतो. तिथे असताना त्याच्या मनात त्या माणसाचा विचारही आलेला नसतो. तरी ते ठिकाण आठवून तो सांगतो, की नव्हता. डोळा आता तिथे नाही, म्हणून हे ज्ञान प्रत्यक्ष असू शकत नाही, असा कुमारिलाचा मुद्दा. गाडीच्या बाबतीत या आठवणीची जागा फ्रीझ फ्रेम घेते. कोड नोंदला त्या क्षणी इंजिनाचा वेग, गाडीचा वेग, पाण्याचे तापमान आणि भार किती होता, हे ईसीयू साठवून ठेवतो. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाताना झालेला अभाव गॅरेजात उभ्या गाडीत शोधता येत नाही. तो कोणत्या अधिकरणात, म्हणजे कुठे आणि कोणत्या स्थितीत होता, हे त्या नोंदीवरूनच कळते. घाईघाईने कोड पुसून टाकणारा हे अधिकरणच पुसतो, आणि ही चूक गॅरेजांत रोज होते.

प्रवाह अडतो कुठे, याचे उत्तर बहुतेक वेळा काजळी. डिझेलच्या धुरातली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र आली, की डांबरासारखा चिकट थर तयार होतो. तो व्हॉल्व्हच्या सीटवर, कूलरच्या नळ्यांत आणि मॅनिफोल्डच्या तोंडाशी बसतो. गाडी शहरातल्या शहरात, थोड्या थोड्या अंतरावर फिरत असेल, तर तो लवकर वाढतो. पेट्रोल गाड्यांत थर कोरडा आणि कडक असतो. होंडा अकॉर्डच्या १९९०च्या दशकातल्या चार सिलिंडरच्या इंजिनात मॅनिफोल्डमधल्या बारीक वाटा अशा कोरड्या कार्बनने बुजत. व्हॉल्व्ह काढून पाहिला तर तो स्वच्छ असे आणि अडथळा त्याच्या पलीकडे, न दिसणाऱ्या जागी असे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र छिद्र असलेल्या अशा रचनेत आणखी एक गोष्ट घडते. तीन छिद्रे बुजली आणि एकच उघडे राहिले, तर सगळा वायू त्या एका सिलिंडरमध्ये जातो आणि तोच सिलिंडर मिसफायर होऊ लागतो. एकूण प्रवाह कमी, एका जागी मात्र अतिरेक. अशा गाडीत फक्त स्पार्क प्लग बदलत राहिले, तर मूळ दोषापर्यंत कोणी पोहोचतच नाही.

खुणेवरून कारणाकडे जाताना होणारी फसगत न्यायसूत्रांनी स्वतःच आक्षेप म्हणून मांडली आहे, आणि त्यातले पहिले उदाहरण अडथळ्याचेच आहे. नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला असे अनुमान करतात. दुसऱ्या अध्यायातला आक्षेपक म्हणतो, की प्रवाह कुठे अडला तरी नदी फुगते. वारूळ मोडले तरी मुंग्या अंडी घेऊन निघतात. माणसाने नक्कल केली तरी मोराचा आवाज ऐकू येतो. म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. पुढच्या सूत्रात आणि त्यावरच्या वात्स्यायनभाष्यात दिलेले उत्तर भारतीय तर्कशास्त्रातल्या अत्यंत मोलाच्या उत्तरांपैकी आहे. पावसाने फुगलेल्या नदीला वेग असतो, फेस असतो, तिच्यात फळे, पाने, लाकडे वाहत येतात. प्रवाह अडून फुगलेल्या नदीत हे नसते. नुसते ‘फुगणे’ हा हेतूच नव्हता. विशिष्ट प्रकारचे फुगणे हा हेतू होता. दोष अनुमान करणाऱ्याचा आहे, अनुमानाचा नाही, कारण त्याने अर्धीच खूण पाहिली.

कोडचेही असेच आहे. ‘पी-०४०१ आहे, म्हणून मार्ग बुजला आहे’ हे अनुमान व्यभिचारी, कारण हा कोड सेन्सर बिघडल्यानेही येतो, व्हॅक्यूमचा होज तडकल्यानेही येतो, सोलेनॉइड अडकल्यानेही येतो. खूण पूर्ण करावी लागते. त्यासाठी व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची जुनी आणि भरवशाची एक परीक्षा आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवतात, व्हॉल्व्हचा होज काढून तिथे हातपंप लावतात आणि पडदा वर खेचतात. विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असेल, तर स्कॅनरवरून त्याला उघडण्याचा हुकूम देतात. आयडलिंगला इंजिनाला जळका वायू सोसत नाही. मार्ग मोकळा असेल, तर आवाज लगेच बदलतो, इंजिन थरथरते, आचके देते, कित्येकदा बंद पडते. पंप सोडला की ते पुन्हा सुरळीत होते. न्यायशास्त्राच्या भाषेत हे अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे एक असता दुसरे असणे आणि एक नसता दुसरे नसणे, एकाच जागी, एकाच मिनिटात हाताने घडवून आणणे आहे. पडदा नक्की वर गेला आणि तरी इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडला नाही, तर वायूला वाट नाही. इंजिन अडखळले, तर वाट आहे आणि दोष व्हॉल्व्ह उघडवणाऱ्या किंवा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रणेकडे शोधायचा. एका परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

या परीक्षेलाही योग्यतेची अट आहे. काही व्हॉल्व्ह सायलेन्सरच्या बाजूने येणाऱ्या उलट्या दाबावर अवलंबून असतात. तो दाब पुरेसा नसेल, तर ते व्हॅक्यूम धरतच नाहीत, आणि आयडलिंगला तो पुरेसा नसतोच. अशा व्हॉल्व्हवर पंप लावून तो फाटला आहे असे ठरवणे म्हणजे अंधारात घडा शोधणे. त्याच्या बाबतीत न्यायशास्त्राची उपाधी ही संकल्पना नेमकी लागू पडते. आग असली की धूर असतोच असे नाही, ओले सरपण असले तरच असतो. ओले सरपण ही तिथे उपाधी. येथे उलटा दाब ही उपाधी. मालकाने हौसेने मोकळा सायलेन्सर बसवला असेल, तर दाब कायमचा घटतो आणि नवा कोरा व्हॉल्व्ह बसवूनही प्रवाह अपुरा राहतो. उपाधी न ओळखता केलेली दुरुस्ती म्हणून वारंवार फसते.

आणखी एक मर्यादा. आयडलिंगला इंजिन बंद पडायला थोडा वायू पुरतो. मार्ग अर्धा बुजलेला असला, तरी परीक्षा ‘वाट आहे’ असेच सांगेल, आणि महामार्गावर लागणारा प्रवाह मात्र त्यातून जाणार नाही. नव्यन्यायाने सांगितलेला भेद इथे हाताशी येतो: परीक्षेने प्रवाहाचा संपूर्ण अभाव खोडून काढला, पुरेशा प्रवाहाचा अभाव तसाच राहिला. अशा वेळी व्हॉल्व्ह उतरवून पाहण्याला पर्याय नाही. उघड्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला, की काळी साय भिंतींवरून आत वळलेली दिसते आणि मधोमध बोटही जाणार नाही एवढेच भोक उरलेले असते. येथे मात्र नैयायिकांचे म्हणणे पटते. तपासणाऱ्याला कार्बन दिसतो आणि वाटेचा अभावही त्याच पाहण्यात दिसतो. मधे अनुमानाची पायरी जाणवत नाही. ईसीयूने अभावाचे अनुमान केले होते, माणसाने अभाव पाहिला. अभाव प्रत्यक्ष की अनुमेय, या जुन्या वादाला एकच उत्तर असण्याची गरज कदाचित नाही. जाणणारा कोण आणि तो कुठे उभा आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

एकेक शक्यता वगळत उरलेल्यावर बोट ठेवणे हा तपासाचा शेवटचा टप्पा. वात्स्यायनांनी शेषवत् अनुमानाचा एक अर्थ असाच लावला आहे: जे जे संभवते ते नाकारून जे शिल्लक राहते ते स्वीकारणे. ही रीत मूळ यादीइतकीच विश्वासार्ह असते. व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, होज, सेन्सर, वायरिंग, नळी, मॅनिफोल्डची छिद्रे हे सगळे तपासूनही दोष राहिला, तर यादीत काहीतरी आले नव्हते, असे समजावे. फाटलेला टर्बोचा होज किंवा बदललेला सायलेन्सर असाच यादीबाहेर राहतो. दुसरीकडे, संशय अनंत काळ ताणता येत नाही. अनुमान नाकारणाऱ्या चार्वाकाला उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर येथे लागू आहे: संशय तिथवरच चालतो, जिथे तो स्वतःच्या वागण्याला छेद देत नाही. धुराचा आगीशी संबंध नाही म्हणणाराही धूर हवा असला की आगच पेटवतो. सात भाग तपासून झाल्यावर आठव्याची शंका घेण्याला कारण असावे लागते. कारणाशिवाय घेतलेली शंका म्हणजे उगाच बदललेले महागडे सुटे भाग.

या दोषाचा त्रास गाडीच्या मालकाला फारसा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पेट्रोल गाडीत चढावर किंवा मध्यम वेगाला इंजिन नॉकिंग करू शकते, तेवढेच. डिझेल गाडीत पुष्कळदा काहीच जाणवत नाही. पिकअप सुधारल्यासारखाही वाटतो. म्हणून ईजीआरच्या तोंडावर पत्र्याची प्लेट ठोकून ते कायमचे बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गाडी उत्तम चालते, पीयूसीही मिळते, मग बिघडले काय, असा युक्तिवाद त्यासोबत असतो. भारतातल्या पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजलीच जात नाहीत. त्या प्रमाणपत्रावर त्यांचा उल्लेख नसणे ही अयोग्य अनुपलब्धी आहे. त्यावरून ती नाहीत असे म्हणणे तर्काला सोडून आहे आणि रस्त्याकडेला श्वास घेणाऱ्याच्या दृष्टीने अन्यायाचेही आहे. आपल्याला न जाणवणारे नुकसान नाहीच असे धरून चालणे, ही चूक प्रमाणशास्त्राची आहे तितकीच नीतीची.

दुरुस्ती झाली, कोड पुसला, दिवा विझला. एवढ्याने निदान खरे ठरले का? ज्ञानाचे प्रामाण्य कसे ठरते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मोठा मतभेद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक दाखवला तरच ते सोडायचे. नैयायिक म्हणतात, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली, म्हणजे प्रामाण्य कळते; मृगजळाकडे धावणाऱ्याची तहान भागत नाही. वात्स्यायनभाष्याचा आरंभच या विचाराने होतो. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहदीपिकेतही हा वाद आला आहे. ईजीआरच्या बाबतीत नैयायिकांची कसोटी लावायला हवी, कारण विझलेला दिवा येथे काहीच सिद्ध करत नाही. कोड पुसताच ईसीयू आपली स्वपरीक्षा अपूर्ण म्हणून नोंदवतो. बहुतेक गाड्यांत दोष लागोपाठ दोन प्रवासचक्रांत आढळल्याशिवाय दिवा पुन्हा लागत नाही. त्या मधल्या काळात दिवा नसणे म्हणजे परीक्षा झालेली नसणे. योग्यता पुन्हा गैरहजर.

सफल कृती कशी ओळखायची, हे त्यावरून ठरते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेल्या वेगाने आणि भाराने चालवावी लागते, म्हणजे जिथे अभाव आढळला होता त्याच अधिकरणात प्रवाह शोधला जातो. स्कॅनरवर मागणी आणि प्रत्यक्ष प्रवाह यांतली तफावत शून्याजवळ आली पाहिजे, ईजीआरची स्वपरीक्षा पूर्ण झाल्याची नोंद दिसली पाहिजे आणि प्रलंबित कोडच्या यादीत पी-०४०१ नसला पाहिजे. सेन्सर बदलून कोड गेला असेल, तर काढलेल्या सेन्सरचा जुना आकडा आणि नव्याचा आकडा शेजारी मांडून पाहावे; दोन्ही सारखे असतील, तर कोड जाण्याचे कारण दुसरेच आहे, कदाचित काढघाल करताना सैल होज घट्ट बसला एवढेच. त्या प्रसंगी गाडी दुरुस्त झाली असली, तरी निदान अजून झालेले नसते.